शौनकसरांची घंटा

आमच्या बाणेरच्या स्टार्टअपचा विषय निघाला की मला दारातली पितळी घंटा आठवते. मालक शौनकसरांचा नियमच होता, त्यांच्याआधी घरी निघणाऱ्याने ती वाजवायची, म्हणजे कामचुकार कोण ते सगळ्यांना कळेल. आम्ही सकाळी नऊपासून राबायचो, तरी सातला घंटा वाजवताना मान खाली जायची. सर मात्र दुपारी बाराला उगवायचे.

एकदा ते आत शिरले आणि आमच्यातल्या हेमांगीने घणघण घंटा वाजवली.

"भर दुपारी कोण निघालं?" सर गरजले.

"निघालं कोणी नाही सर, आलंय. म्हटलं, बाराला कोण येतं तेही सगळ्यांना कळू दे."

दुसऱ्या दिवशी घंटा माळ्यावर गेली. कंपनी बंद पडली तेव्हा हेमांगीने ती मागून घेतली. आजही तिच्याकडे जमलो की निघताना आम्ही ती वाजवतो, मान ताठ ठेवून.