कुरण मिळेपर्यंत

एकाच टेकडीवर दोन वैरी राजांची दारूगोळ्याची कोठारं होती. मागे त्यातलं एक उडालं, तेव्हा पायथ्याच्या गावात रडायलाही कुणी उरलं नाही. तेव्हापासून दोन्हीकडचे पहारेकरी एकमेकांच्या कोठारांवर मिळून नजर ठेवत.

यंदा कुरणाच्या हद्दीवरून जुंपली. राजा बहिरोजी गरजला, "कुरण मिळेपर्यंत त्यांच्या माणसाशी एक शब्द बोलाल, तर जीभ छाटीन!"

"कोठारापुरतं तरी बोलू द्या, महाराज," कारभारी रखमाजी म्हणाला.

"एक शब्द नाही!"

दुसऱ्या दिवशी राजा रखमाजीला घेऊन आपलं कोठार पाहायला आत शिरला. तेवढ्यात पलीकडचा नवखा पहारेकरी आपल्या पाळीला आला, तो हातात पेटती मशाल घेऊनच. रोज राजाची माणसं येणाऱ्याला ओरडून मशाल बाहेर ठेवायला लावत. आज सगळे खाली मान घालून गप्प उभे होते.

मशाल उंबऱ्यापर्यंत आली.

"रखमाजी, सांग ना त्याला!"

"कसं सांगू, महाराज? कुरण अजून मिळालेलं नाही."

राजा पुढे धावला. त्याने पहारेकऱ्यापुढे हात जोडले. "बाबा रे, मागे हो!"

हुकूम तिथेच मोडला. कुरणाचं भांडण मात्र अजून चालू आहे. भांडायला दोन्हीकडे माणसं उरली आहेत.