बिडाची पट्टी

"मेस्त्री, तुमची ही पट्टी खोटी तर नाही ना?"

विचारताना डॉक्टर अच्युत बावडेकरांचा आवाज बारीक झाला. चाळीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं, तरी कुठलाही प्रश्न तोंडातून बाहेर पडण्याआधी आपलंच कुठेतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटायचं.

जोतिराम मेस्त्रींनी रंधा थांबवला नाही.

"खोटी म्हणतंय कोण?"

"माझा व्हर्निअर म्हणतो."

"एकटाच?"

"दुसराही आणला... तोही तेच म्हणतो."

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जोतिराम मेस्त्री फौंड्रीसाठी लाकडी नमुने करत. हा नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि वाळूत राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. निवलं की तसाच भाग बिडाचा तयार. पन्नास वर्षं मेस्त्रींनी हेच केलं होतं. बावडेकर त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे. पण गेली दोन वर्षं दर गुरुवारी ते इथल्या एका स्टुलावर, पाठ ताठ ठेवून, विद्यार्थ्यासारखे येऊन बसत.

लाकूड शिकायला म्हणून ते आले होते. घरी, मागच्या खोलीत, त्यांचं कोरणारं यंत्र होतं. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती फळीवर कोरायची, असं ते हौशी लोकांचं छोटं सीएनसी. आणल्यापासून बावडेकरांनी त्याचे पट्टे काढून स्क्रू बसवले. मग मोटरी बदलल्या, मग रूळ. चौकट थरथरते असं वाटलं म्हणून चौकटही बदलली. दर वेळी ते इथे येऊन सगळं बारकाईने सांगत, आणि दर वेळी मेस्त्री एकच विचारत, की बरं, मग कोरलंत काय?

"अजून माप बसायचंय," असं बावडेकर म्हणत.

कोरायचं काय, ते मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, मिरजेला मुलाकडे असते. वय एक्क्याऐंशी. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. लहानपणी ती अच्युतला हाताला धरून, घरापासून ओढा ओलांडून, चढणीवरच्या शाळेत नेत असे. दोन वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती, की ती वाट आता मनात नीट येत नाही रे, मधले तुकडे गळतात; लाकडात कोरून दिलीस तर हाताने तरी चालेन.

तेव्हापासून फोनवर ती विचारायची, झालं का? मागच्या महिन्यात तिने विचारलं नाही. या महिन्यातही नाही.

बावडेकरांची झोप उडाली होती ती त्यामुळे.

आणि याच महिन्यात यंत्र बिघडलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. शंभर मिलिमीटर सांगावं तर ते एकशे एक कापायचं. त्यांनी स्क्रू बदलला. तरी एकशे एक. मोटरीची तार बदलली, दुसरा व्हर्निअर आणला, डोळे तपासून घेतले. शेवटी, डोक्याचीही तपासणी करून घ्यावी का, असं सुनेला चाचरत विचारलं. ती म्हणाली, बाबा, आधी जेवून घ्या.

काल त्यांच्या ध्यानात आलं. महिन्यापूर्वी यंत्राला माप लावलं ते मेस्त्रींच्या पट्टीने. मेस्त्री जेवायला गेले असताना, भिंतीतल्या खिळ्यावरची ही जुनी पोलादी पट्टी त्यांनी काढून नेली होती. जागेवर रीतसर चिठ्ठी ठेवून. सगळ्या जगावर त्यांनी संशय घेतला, स्वतःवर सगळ्यात जास्त. पट्टीवर नाही घेतला. ती मेस्त्रींची होती.

आता ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

मेस्त्रींनी रंधा ठेवला. पट्टी घेतली, अंगठ्याने पुसली... आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"चाळीस वरसं पोरांस्नी शिकवलंसा, सर. आणि पट्टी कशाची, हे न इचारता उचललीसा?"

"पट्टी... कशाची म्हणजे?"

मेस्त्रींनी फळीवरून दोन चाकं काढून शेजारी ठेवली. एक सागवानी, एक बिडाचं. खिशातली साधी पट्टी बावडेकरांच्या हातात दिली आणि मोजायला सांगितलं.

बिडाचं चाक बरोबर तीनशे भरलं. लाकडाचं तीनशे तीन.

गिऱ्हाइकाला तीनशेचं चाक हवं असतं, मेस्त्री सांगू लागले. पण बीड तापलेलं असतं तेव्हा फुगून बसतं आणि निवताना अंग चोरतं. शंभरात एक. म्हणून लाकूड तेवढं मोठं करायचं. आता दर वेळी हिशेब कुठे करत बसायचा? म्हणून ही पट्टीच शंभरात एक लांब आखलेली. मागं लिहिलेलं होतं तसं. हात लागून लागून पुसून गेलं. शेडमधल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून सांगायचं राहिलं.

"म्हणजे ती खोटी आहे."

"व्हय. म्हणून तर चाक खरं येतं."

बावडेकरांनी बिडाचं चाक लाकडाच्या चाकावर ठेवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. यंत्र ठीक होतं. डोळे ठीक होते. डोकंही. शंभरात एकच चूक, ती काढणं दहा मिनिटांचं काम. ते उठलेच. घाईघाईने सांगू लागले, की आता माप बसलं की स्क्रूची ढिलाई तेवढी बघायची, कोरणारी मोटर जरा भारीतली मागवायची, मग केसाच्या दहाव्या भागाइतकंही इकडेतिकडे होणार नाही, आणि मग अक्काची वाट...

"बसा," मेस्त्री म्हणाले.

ते बसले.

"वाटंचं माप कुठनं घेतलंसा?"

सरकारी नकाशावरून, बावडेकरांनी सांगितलं. उंचीच्या रेषांसकट. एकूण वाट बाराशे मीटर, फळीवर साठ सेंटिमीटर. याबद्दल तरी त्यांना शंका नव्हती. दोनदा पडताळलं होतं.

"आणि चढण?"

"अकरा मीटर. फळीवर साडेपाच मिलिमीटर."

"अक्का काय म्हणत्यात चढणीचं?"

बावडेकरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

अक्का म्हणायची, ती चढण संपता संपत नसे. तू रडायचास, मी तुला पाठुंगळी घ्यायची, आणि वर शाळेची घंटा व्हायची तरी आपण निम्म्यातच. ओढा मात्र एका उडीचा. आणि येताना तर वाट नसायचीच, घरच यायचं... हे ते मेस्त्रींना हळूहळू, आठवून आठवून सांगत होते. नकाशा आल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने तिला फोन केला होता. म्हणाले होते, अक्का, तुला उगाच वाटतं, ती चढण जेमतेम अकरा मीटर आहे.

"मग?"

"मग... काही नाही. गप्प बसली."

"कधीची गोष्ट ही?"

बावडेकरांनी बोटांवर मोजलं. आणि मोजता मोजता बोटं थांबली.

"दोन महिन्यांपूर्वीची."

शेजारच्या कारखान्यात घण पडत होता...

मेस्त्री उठले. कपाटाच्या खणातून एक कापडी गुंडाळी काढून त्यांनी बाकावर उलगडली. आत पट्ट्या होत्या, ज्या त्या धातूच्या आकसण्याप्रमाणे आखलेल्या. त्यांनी एकेक ओळीने मांडली. ही अल्युमिनियमची. ही पितळेची. ही पोलादाची, सगळ्यात लांब. त्यांच्या शेजारी त्यांनी हातातली बिडाची ठेवली. बारा इंच सगळ्यांवर लिहिलेलं होतं. एकीचे बारा दुसरीच्या बाराला लागत नव्हते.

बावडेकरांनी पुढे वाकून पाहिलं. सवयीने त्यांचा हात खिशातल्या व्हर्निअरकडे गेला... आणि तिथेच राहिला.

ओळीच्या शेवटी, बिडाच्या पट्टीपलीकडे, मेस्त्रींनी हाताने भुसा झाडला. एका पट्टीएवढी जागा मोकळी केली. तिच्यावर तळवा ठेवला.

"मिरजंची गाडी चारला हाय, सर," ते म्हणाले. "अक्कांची पट्टी कुठली, तेवढं इचारून या."