अळूच्या जुडीतली परी

ढगांच्या जरा अलीकडे आणि डोंगराच्या जरा पलीकडे एक हिरवागार मळा होता. मळा साऱ्या वाडीचा. सगळ्यांनी मिळून तो निंदायचा, शिंपायचा आणि दर शनिवारी मळा जे देईल ते आपापल्या टोपलीतून घरी न्यायचं. हे हवं, ते नको, असं म्हणायची सोयच नव्हती. कारली निघाली की वाडीभर कारली, आणि मुलांची तोंडं त्याहून कडू.

या वाडीत बकुळा आणि तिची आई राहायच्या. घर एवढंसं, डबे बहुतेक रिकामे. त्यात आईला तापानं धरलं. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. काहीही खाल्लं तरी तिला मातीच लागे. दोन घासांत ताट सरकवून ती पडून राही. वैद्यबुवा म्हणाले, आता पोटात अन्न गेलं तरच ही उठेल. मळ्यात आईच्या वाटचं काम बकुळाच करायची. निंदता निंदता कोणी बघत नाहीसं पाहून रडायचीसुद्धा.

त्या शनिवारी टोपलीत आली अळूची जुडी. बकुळा ओढ्यावर पानं धुवायला बसली, तर जुडीतून बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. पाहते तो काय, दोरीत एक इवलीशी परी अडकलेली! अंगात दोडक्याच्या फुलाचा पिवळाधमक झगा, पंखांवर दवाचे चमचमते थेंब. जुडी बांधणाऱ्याच्या घाईत बिचारीही बांधली गेली होती. बकुळानं हलकेच गाठ सोडली आणि चुरगळलेल्या पंखावर फुंकर घातली.

“तुझी एक इच्छा पुरी करते,” परी म्हणाली. “पण भाजी चुलीवर आहे तोवरच मागायची. एकदाच. मागितलेलं परत फिरत नाही हं.”

काय मागायचं ते बकुळाला आधीच ठाऊक होतं. घरी येऊन तिनं अळूचं फदफदं चुलीवर चढवलं. होती नव्हती ती चिंच घातली, गुळाचा खडा टाकला. परी कोनाड्यात पाय हलवत बसली. फदफदं रटरटू लागलं तशी बकुळानं डोळे मिटले.

एवढ्यात शेजारचे धोंडूआजोबा दारात येऊन उभे राहिले. आजी लेकीकडे गेलेली, म्हणून ते हातानं रांधत होते. त्यांनी अळू केला मेथीसारखा परतून, चिंचेशिवाय, आणि खाल्लाही वाडगाभर. आता घशात नुसते काटे. चेहरा लालेलाल, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. बकुळानं गूळ दिला, पाणी दिलं. आजोबा कळवळतच राहिले.

बकुळानं आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आईसाठीची इच्छा हातची जाणार म्हणून तिला फार वाईट वाटलं. पण तिच्यानं राहवेना.

“आजोबांचा घसा बरा होऊ दे,” ती म्हणाली.

खाज तत्क्षणी थांबली. आजोबा मटकन खाली बसले आणि आपली बाजू मांडू लागले. चिंच होती, पण माळ्यावर. शिडी लावायचा आला कंटाळा. म्हटलं, बोटभर चिंचेवाचून अळूचं काय अडतंय?

अंथरुणावरून खुदकन हसू आलं. आई हसत होती! किती दिवसांनी!

“धोंडूकाका, असा करतात होय अळू? थांबा, दाखवते,” म्हणत ती भिंतीला धरून उठली, चुलीपाशी आली. पळीनं ढवळलं आणि सवयीनं थेंबभर तळहातावर घेऊन चाटलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“बकुळे, मीठ कमी पडलंय गं.”

बकुळा बघतच राहिली. मग तिनं आईच्या कमरेला मिठीच मारली. आपलं रांधणं चुकलं म्हणून कुणाला एवढा आनंद झाला नसेल.

“इच्छा तर एकच होती ना?” तिनं कोनाड्याकडे वळून हळूच विचारलं.

“एकच होती, ती तू आजोबांना दिलीस,” परी म्हणाली. “ही माझ्याकडून.”

कोनाडा सोनेरी उजेडानं भरला. भांडीकुंडी, भिंती, आजोबांचं टक्कलसुद्धा लखलखलं. उजेड विरला तेव्हा परी तिथं नव्हती.

आणि पाठीमागे आई पानावर बसून म्हणत होती, “अजून वाढ गं थोडं.”