गरम की थंड

“मग सही का करत नाही, बाई? कुठं चुकले मी?”

शलाकानं फॉर्म टेबलावर ठेवला होता. जैतूनबीनं पेनाचं टोपण काढलं… आणि परत लावलं.

“चुकली नाहीस.”

“मग?”

जैतूनबीनं पेन बाजूला ठेवलं.

मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर जैतूनबीचा क्लास आहे. ब्यूटी पार्लरचं काम शिकवते. त्याआधी वीस वर्षं ती कातडीच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायची. मी तिच्याकडं पाणी भरतो, प्लग-वायरी बघतो. पूर्वी वायरमन होतो. सगळे तात्या म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून जे समोर घडलं तेवढंच सांगतो.

शलाका कोरे ही त्या वर्षीची सगळ्यांत हुशार पोरगी. गल्लीच्या तोंडाशी तिनं गाळा घेतला होता. दसऱ्याला उघडायचा, पाहुण्यांना सांगूनही झालं होतं. दसरा चार दिवसांवर आला होता. जैतूनबीची सही झाल्याशिवाय तिला गिऱ्हाइकाला कातडी उजळायचं करंटचं मशीन लावता येणार नव्हतं.

“विचारा मला काहीही,” शलाका म्हणाली.

“कातडीत नसा कुठं असतात?”

“वरच्या थराच्या खाली, मधल्या थरात. तिथंच घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, रक्ताच्या बारीक नळ्या.”

“आपल्या मशीनचा करंट कसला?”

“एकाच दिशेनं जाणारा. धन टोकाशी आम्ल तयार होतं, ऋण टोकाशी क्षार. जास्त वेळ एका जागी धरला तर कातडी भाजते.”

“कुणाला लावायचा नाही?”

“छातीत हृदयाचं मशीन असेल त्याला. हाडात सळई असेल त्याला. गरोदर बाईला. फिट येणाऱ्याला. कातडी बधिर असेल तिथं.” तिनं श्वासही घेतला नाही. “अजून सांगू?”

“नको.”

“मग खरं सांगा ना, बाई. माझं पार्लर तुमच्या गल्लीत होतंय, म्हणून अडवताय मला.”

बाकीच्या मुली खाली बघायला लागल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं.

जैतूनबीला राग आला नाही. निदान दिसला तरी नाही.

“तात्यांना मशीन लाव,” ती म्हणाली. “डाव्या हाताला. मग बघू.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चौदा वर्षांपूर्वी खांबावर असताना माझ्या डाव्या हातातून करंट गेला. जखम भरली. कातडी पहिल्यासारखी झाली, बघून कुणाला काही कळायचं नाही. पण त्या हाताला मनगटाच्या वर काही समजत नाही. चहा सांडला तरी डोळ्यांना दिसल्यावरच कळतं.

जैतूनबीला हे माहीत होतं. सकाळीच तिनं मला बाजूला घेतलं होतं. “आज तुमचा हात लागंल, तात्या. पोरगी विचारंल त्याचं खरं उत्तर द्यायचं. आणि नाही विचारलं तर…” तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मला ते आवडलं नव्हतं. गल्लीत दुसरं दुकान होणार म्हणून ही डाव टाकते की काय, असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण हात माझा होता. मी हो म्हणालो.

शलाकानं मला खुर्चीत बसवलं. बाही वर सारली.

“तात्या, असा हात उजळून देते की घरी आजी ओळखायच्या नाहीत.”

“ती आता फोटोत असती, पोरी. तिला चालंल.”

ती हसली नाही. एक क्षण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मनानं वाईट नव्हती पोरगी.

ट्रेमध्ये सगळं मांडलेलं होतं. कापूस, क्रीम, मिठाचं पाणी आणि काचेच्या दोन नळ्या. एकीत गरम पाणी, एकीत थंड. मशीन लावण्याआधी माणसाला डोळे मिटायला सांगायचं, नळी टेकवायची आणि विचारायचं, गरम की थंड? पण क्लासात मुली एकमेकींवरच शिकतात. सगळ्या विशीतल्या, सगळ्यांची कातडी जागी. कोण कशाला विचारतंय? नळ्या भरायच्या आणि धुऊन परत ठेवायच्या, एवढंच चालायचं.

शलाकानं नळ्या बाजूला सारल्या. क्रीमची बाटली त्यांच्या मागं होती.

मी जैतूनबीकडं पाहिलं. तिचा हात भिंतीवरच्या बटणाशी होता. नजर माझ्यावर नव्हतीच.

मशीनच्या एका वायरीची ओली दांडी तिनं माझ्या उजव्या मुठीत दिली. दुसऱ्या वायरीचं गोल टोक डाव्या हातावर टेकवलं. मशीन गुणगुणायला लागलं.

“टोचतंय का, तात्या?”

“नाही.”

तिनं करंट वाढवायची चकती थोडी फिरवली.

“आता?”

“नाही, पोरी.”

अजून थोडी.

“आता तरी? मुंग्या आल्यासारखं?”

“डाव्या हाताला काही नाही.”

मी ‘डाव्या’ शब्दावर जोर दिला. तेवढंच मला करता आलं. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती माझ्याकडं बघतच नव्हती… जैतूनबीकडं बघत होती.

“कळलं मला,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. “मशीन बिघडवून ठेवलंय. आतून वायर काढलीय. म्हणजे माझा हात चालला नाही असं म्हणायचं, आणि सही नाही करायची. होय ना, बाई?”

जैतूनबीचं बोट बटणावरच होतं.

“बोला की!”



शलाकानं माझ्या मुठीतली दांडी ओढून घेतली, स्वतःच्या मुठीत धरली, आणि गोल टोक आपल्या मनगटावर दाबलं. चकती होती तिथंच होती.

“आई गं!”

टोक खाली पडलं. त्याच क्षणी जैतूनबीनं बटण बंद केलं.

खाली कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं.

शलाकानं मनगट चोळलं. मग तिची नजर माझ्या हातावर गेली. टोक टेकलं होतं तिथं लाल गोल चट्टा उठला होता, रुपयाएवढा. तिचा चेहरा उतरला.

“तात्या… एवढा करंट… तुम्ही ओरडला का नाही?”

“मला कळलाच नाही, पोरी. ह्या हाताला चौदा वर्षं काही कळत नाही.”

“मग सांगायचं ना!”

“तू ते विचारलं नाहीस.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग जैतूनबीकडं.

“तुम्ही दोघांनी ठरवून केलं हे.”

“हो,” जैतूनबी म्हणाली.

“फसवलंत मला.”

“हो.”

“असा मुद्दाम माणूस माझ्या पार्लरात कोण पाठवणार आहे?”

“मुद्दाम कोण कशाला पाठवंल? साखरेचा आजार असलेली बाई आपण होऊन येती. हसत येती. तळपाय बधिर झालेत हे तिलाच ठाऊक नसतंय.”

एका मुलीनं थंड पाण्यात कापूस भिजवून आणला. तो शलाकानं घेतला आणि माझ्या चट्ट्यावर धरला. स्वतःच्या मनगटावर नाही. बराच वेळ धरला.

मग तिनं ट्रेमधल्या दोन्ही नळ्या उचलल्या. पाणी निवलं होतं. गरम पाण्याची नळी रिकामी करून तिनं नवं पाणी भरलं, आधी आपल्या गालाला लावून पाहिली.

“तात्या, डोळे मिटा.”

मी मिटले.

“गरम की थंड?”

“काय टेकवलंयस का?”

“हो.”

“मग कळलं नाही.”

ती वर सरकली. पुन्हा विचारलं. पुन्हा वर. कोपराच्या दोन बोटं खाली मी एकदम म्हणालो, “गरम!”

तिथं तिनं काहीतरी लावलं. डोळे उघडून पाहिलं तर भुवईची पेन्सिल होती. हाताच्या भोवती फिरत, विचारत विचारत, ठिपक्याला ठिपका जोडत तिनं रेघ ओढत आणली. ती पूर्ण होईस्तोवर अर्धा तास गेला. रेघ वाकडीतिकडी आली, पोरीचा हात थरथरत होता.

माझा हात कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. डॉक्टरांनी जखम भरली म्हणून घरी सोडलं होतं. पुढं कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. मी त्या रेघेकडं बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते उजव्या हातानं पुसलं.

शलाका उठली. टेबलावरचा फॉर्म घेतला, घडी घातली.

“बाई, दसऱ्याला मी उघडत नाही. पाहुण्यांना काहीतरी सांगते. मला अजून जमत नाही.” तिनं तळहात पुढं केला. “हे बघा, अजून थांबत नाही थरथर. ह्या हातानं कुणाच्या चेहऱ्याला मशीन कसं लावू?”

जैतूनबीनं तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला. घडी उलगडली. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

शलाकानं सहीकडं पाहिलं. परत तिच्या डोळ्यांत तीच शंका आली.

“आता का करताय? मघाशी सगळी उत्तरं बरोबर होती, तेव्हा नाही केली.”

जैतूनबीनं फॉर्म तिच्यापुढं सरकवला.

“मघाशी तुझा हात थरथरत नव्हता.”