पाच वकील आणि एक निकाल

सांगलीच्या विलास चिंचोळे वकिलांनी वीस वर्षं खपून हजारो निकालांचे सारांश लिहिले. ते वारले आणि एका कंपनीच्या एआय यंत्रातून तेच सारांश वकिलांना मिळू लागले, शब्दाला शब्द तेच, फक्त विलासचं नाव गाळून. सातवी नापास धाकटा भाऊ मारुती तडक कोर्टात गेला.

कंपनीचे कारखानीस वकील चार जोडीदार घेऊन आले. मिशीत हसत म्हणाले, "निकाल सरकारी. त्याचा सारांश कुणीही केला तरी तोच होणार. यात चोरी कसली?"

मारुती ताडकन उठला. "जजबाई, या पाच साहेबांना एकच निकाल द्या, लांब लांब बसवा. दोघांचा जरी सारांश जुळला तरी मी दावा मागं घेतो!"

बाईंना गंमत वाटली. तासाभरात पाच कागद आले, पाचांच्या पाच तऱ्हा. खटला जिंकला कोण, यावरही दोघांचं वाजलं.

"एका पक्षाच्या पाचांचं जुळेना," मारुती म्हणाला, "आणि यंत्राचं माझ्या दादाशी हजारदा जुळलं? एवढं तर आम्हा सख्ख्या भावांचंही कधी जुळलं नाही, साहेब!"

कोर्ट खदखदून हसलं. प्रत्येक सारांशाखाली विलासचं नाव घालायचा हुकूम लिहिताना बाईही हसत होत्या.