अर्धवट राहिलेला आकडा

यंत्रं आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. अंडी उबवायच्या एका पेटीत मुकादमबाई नावाची चिप होती. हाताखाली हीटर आणि तापमापक. सगळ्यांत मिळून तारा दोनच. एका तारेवर बाई ठेका द्यायच्या आणि ज्याला विचारलं त्यानं दुसरी तार खाली ओढून किंवा सोडून, ठेक्यागणिक एकेक खूण करत बोलायचं. सोडलेली तार पुन्हा वर ओढून घ्यायचं काम एका म्हाताऱ्या रेझिस्टरचं. ठेक्याशिवाय हलायचं नाही, हा बाईंचाच नियम.

एकदा तापमापक आकडा सांगत असताना बाईंना भोवळ आली. शुद्धीवर येताच त्या हीटरला हाक मारायला गेल्या, तर बोलायची तार तापमापकानं खाली ओढून धरलेली.

"सोड ती तार, मेल्या. तिकडं अंडी गार पडत असतील."

तो हलेना. बाईंनी त्याचे सगळे पूर्वज उद्धरले.

ती तार वर ओढून ओढून दमलेला म्हातारा रेझिस्टर शेवटी वैतागला. "बाई, त्याला काय शिव्या देताय? ठेका मध्येच तुम्ही सोडलात."

चरफडत बाईंनी राहिलेले ठोके दिले. तापमापकानं आकडा पुरा केला आणि तार सोडली.

"एवढं काय महत्त्वाचं होतं तुझं?"

"तेच, बाई," तापमापक म्हणाला. "अंडी गार पडतायत."