चारनंतरचा राग

“दुसरं औषध कशासाठी लिहिलंस?”

वरिष्ठ डॉक्टर टिळेकर मॅडमनी विचारलं, तेव्हा डॉ. शार्दूलला हसूच आलं. मनोविकारशास्त्रात तो विद्यापीठात पहिला आला होता.

“मॅडम, रेवा चौदा वर्षांची आहे. एडीएचडी. लक्ष लागायची गोळी दोन महिने चालू आहे. तरी परवा आईवर पोळपाट फेकला. आईचा हात प्लास्टरमध्ये आहे. राग आवरायची गोळी नको द्यायला?”

“किती वाजता फेकला?”

“...ते नाही विचारलं.”

“बोलव दोघींना.”

रेवा आली ती धुसफुसतच. “आता आणखी एक गोळी ना?” म्हणाली, आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट तिने भिरकावला. मॅडमच्या कानाजवळून तो कपाटावर आदळला.

शार्दूल तिला धरायला धावला. मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं.

सत्तरीच्या मॅडम उठल्या. वाकून पेपरवेट उचलला, पदराने पुसला... आणि रेवाच्याच हातात ठेवला.



“बोल बाळा. मी ऐकतेय.”

...

रेवाने पेपरवेट मुठीत घट्ट धरला.

“शाळेत डोकं शांत असतं,” रेवा हळूच म्हणाली. “चारनंतर सगळं एकदम अंगावर येतं. डबा तसाच परत आलेला असतो, पोटात आग पडलेली. आणि तेव्हाच आई अभ्यासाला बसवते.”

“खरंय,” आई पुटपुटली. “सगळी भांडणं चारनंतरचीच.”

रेवाने पेपरवेट टेबलावर ठेवला. आवाजही न करता. मग आईच्या प्लास्टरवर बोट फिरवलं. “दुखतं का गं?”

आईला रडू फुटलं. गोळीने भूक मरते, तिचा अंमल उतरला की चिडचिड उसळते, हे सगळं शार्दूलला तोंडपाठ होतं; फक्त वेळ विचारायचं सुचलं नव्हतं.

मॅडमनी तीच गोळी जास्त वेळ टिकणारी लिहिली. घरी आल्यावर आधी पोटभर जेवण, अभ्यास नंतर. मायलेकींनी दर आठवड्याला समुपदेशनाला यायचं.

त्या गेल्यावर शार्दूलने विचारलं, “म्हणजे माझं औषध चुकलं?”

“नाही. एवढ्याने भागलं नाही, तर महिन्याभराने कदाचित तेच देऊ.”

“मग... आज का नाही?”

मॅडमनी आपला हात त्याच्यापुढे धरला. तो अजून थरथरत होता.

“भीती मला वाटली. मग माझ्या भीतीवरची गोळी त्या पोरीला कशी देऊ?”